गावात बोभाटा न होता आपल्यासारखी माणसं कशी शोधायची (सांगली-सातारावाल्यांसाठी)

सांगलीत विश्रामबागेत शिंकलं की संध्याकाळी मिरजेतून आत्याचा फोन येतो, सर्दी झाली का रे म्हणून. अशा ठिकाणी पॉर्न सुटत नाहीये, किंवा पैसे देऊन कुठंकुठं जाणं थांबत नाहीये, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत अनोळखी लोकांशी नको ते चॅटिंग चालू असतं, हे बोलायचं कुणाजवळ? मित्राला सांगितलं तर तो हसतो, नाहीतर म्हणतो अरे सगळेच करतात, लग्न कर, सुटेल (माझं तेव्हा लग्न होऊन चार वर्षं झाली होती). मी डॉक्टर नाही, मार्केट यार्डात हिशेब लिहिणारा माणूस आहे. धडपडत धडपडत ह्याच त्रासातून जाणाऱ्या लोकांचे ग्रुप सापडले, ते समोरासमोर नाहीतर ऑनलाइन मीटिंगा घेतात, ते कसे शोधायचे हे लिहून ठेवतोय, दुसऱ्या कुणाला जरा कमी धडपडावं लागेल.

आधी एक बघा, आपल्याला खरंच हाच त्रास आहे का. जागतिक आरोग्य संघटनेची जी आजारांची यादी आहे, आयसीडी-११, १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेली, तिच्यात ह्याला नाव आहे: कम्पल्सिव्ह सेक्शुअल बिहेवियर डिसऑर्डर. मराठीत सांगायचं तर लैंगिक इच्छेवरचा ताबा सुटणं, आणि ते एकदोनदा नाही तर सहा महिने किंवा जास्त, आणि त्यापायी काम, घर, तब्येत, पैसा यांची वाट लागणं, थांबायचं ठरवून ठरवून परत तिथंच जाणं, आणि मजा यायची बंद झाली तरी हात जाणं. त्यातच एक वाक्य आहे जे मला फार महत्त्वाचं वाटतं, नुसतं 'हे पाप आहे' असं वाटून मनाला टोचणी लागली असेल तर तेवढ्यावरून हा आजार धरत नाहीत. म्हणजे आठवड्यातून एकदोनदा हस्तमैथुन करून रडत बसणाऱ्या वीस वर्षाच्या पोराला हा आजार नाही, त्याला कुणीतरी भीती घातलेली आहे. एसटी स्टँडजवळच्या भिंतींवर 'गुप्तरोग, कमजोरी, धात' असं रंगवलेलं असतं ना, तिथली ती भीती. तिथं जाऊ नका. मी गेलो होतो, साडेसहा हजाराची पावडर घेतली, ती कसली होती मला आजही माहीत नाही.

अमेरिकेतल्या मानसोपचारवाल्यांची स्वतःची अशीच यादी आहे, डीएसएम, तिच्यात हे नाव अजून नाही, आणि ह्याला व्यसन म्हणायचं का नाही यावर तज्ज्ञांचं भांडण चालूच आहे, आयसीडीनं पण ते व्यसनांच्या रांगेत न बसवता आवेग आवरत नाही त्या आजारांच्या रांगेत बसवलंय. ग्रुपात मात्र सगळे ॲडिक्शनच म्हणतात. मी त्या वादात पडत नाही, गाडी पंक्चर झाल्यावर खिळा कुठल्या कंपनीचा होता हे विचारून काय करायचं.

ग्रुप शोधायच्या आधी एकदा मानसोपचारतज्ज्ञाला भेटा. हे मी उगाच सांगत नाहीये. पार्किन्सनच्या काही गोळ्यांनी, प्रामिपेक्सोल किंवा रोपिनिरोल, माणसाची इच्छा बेफाम वाढू शकते, आणि बायपोलर आजारात मन बेफाम तेजीत जातं (मॅनिया) तेव्हा पण असं होतं, आणि मग तुम्ही शंभर मीटिंगा केल्या तरी गोळी बदलल्याशिवाय काही हलणार नाही. सोबत डिप्रेशन असेल तर ते वेगळं बघावं लागतं. मिरजेला सरकारी मेडिकल कॉलेज आहे, सांगलीला सिव्हिल, साताऱ्याला सिव्हिल, केसपेपर काढायला फार पैसे लागत नाहीत. ओळखीचं कुणी दिसेल ही भीती असेल तर सांगलीकरानं साताऱ्याला जावं आणि सातारकरानं सांगलीला यावं, मी तेच केलं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं तुमची माहिती गुप्त ठेवणं डॉक्टरवर बंधनकारक आहे. बाहेर कुणाशी शरीरसंबंध झाले असतील तर सिव्हिलमधल्या आयसीटीसीत एचआयव्हीची तपासणी पण करून घ्या, फुकट असते आणि तिथं आधी नंतर समुपदेशन असतं. मी ती तपासणी आठ महिने पुढं ढकलली होती, त्या आठ महिन्यांचा त्रास रिपोर्टपेक्षा जास्त होता.

आणि जर जगूच नये असे विचार येत असतील तर हे वाचणं थांबवा आणि १४४१६ लावा. सरकारचं टेलिमानस आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं.

आता ग्रुप. ही पद्धत मूळची दारूवाल्यांची. १९३५ साली अमेरिकेत ॲक्रन गावात बिल आणि बॉब असे दोन दारुडे एकमेकांशी बोलत बसले, त्यातून अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस झालं, आपल्याकडं ज्याला सगळे एए म्हणतात. ज्याला त्रास आहे त्याचं त्यातून जाणाराच ऐकतो, एवढंच सूत्र. हे आपल्याला परकं वाटायचं कारण नाही, सांगलीतच संग्राम संस्थेनं १९९२ पासून शरीरविक्रय करणाऱ्या बायकांमध्ये एड्सचं काम उभं केलं ते त्याच बायकांच्या हातून, बाहेरच्या बाईनं येऊन भाषण दिलं नाही, शेजारच्या खोलीतल्या बाईनं सांगितलं. मला हे आठवतं तेव्हा जरा लाजही वाटते, कारण मी त्या गल्लीत गिऱ्हाईक म्हणून गेलेला माणूस आहे.

एएची एकेक पायरी करत बरं व्हायची पद्धत आहे, बारा पायऱ्यांची, तीच घेऊन लैंगिक त्रासासाठी वेगवेगळ्या फेलोशिप, म्हणजे अशा ग्रुपांच्या संघटना, निघाल्या, आणि इथं नवीन माणूस हमखास गोंधळतो कारण सगळ्यांची नावं एकसारखी आहेत. नीट बघून निवडा, चुकीच्या जागी गेलात तर दोन आठवड्यांत सोडून द्याल आणि म्हणाल की हे आपल्यासाठी नाही.

एसए म्हणजे सेक्साहोलिक्स ॲनॉनिमस. ह्यांचा नियम सगळ्यात कडक, स्वतःशी काही नाही आणि लग्नाच्या जोडीदाराशिवाय कुणाशी काही नाही, आणि जोडीदार म्हणजे नवरा-बायकोच. ज्यांना आखून दिलेली रेघ पाहिजे त्यांना हे सोपं जातं, मला सुरुवातीला हेच बरं वाटलं कारण माझ्या मेंदूला पळवाट सापडत नव्हती. पण तुम्ही समलिंगी असाल तर इथं घुसमटाल, सरळ सांगतो.

एसएए म्हणजे सेक्स ॲडिक्ट्स ॲनॉनिमस, १९७७ ला मिनियापोलिसला सुरू झालं. इथं काय सोडायचं ते तुम्ही स्वतः ठरवता, स्पॉन्सरबरोबर (म्हणजे जुना मेंबर, पुढं सांगतो) बसून. तीन वर्तुळं काढतात, एकात एक. आतल्या वर्तुळात ते लिहायचं जे केलं की स्लिप, म्हणजे आपण घसरलो, असं धरायचं, मधल्यात निसरड्या जागा, बाहेरच्यात ज्यानं बरं वाटतं ते. माझं उदाहरण देतो: आतल्यात ती दोन ॲप आणि ती गल्ली, मधल्यात बाथरूममध्ये मोबाईल नेणं, मार्च एंडला रात्री दुकानात एकटं थांबणं, बायकोशी भांडून गच्चीवर जाणं, आणि बाहेरच्यात तालमीत जाणं, कृष्णेच्या घाटावर चालणं, पोरीचा अभ्यास घेणं. गंमत म्हणजे आतलं वर्तुळ लिहायला पाच मिनिटं लागली आणि बाहेरचं लिहायला तीन आठवडे, कारण मला कशानं बरं वाटतं हेच आठवेना.

स्ला म्हणजे सेक्स अँड लव्ह ॲडिक्ट्स ॲनॉनिमस, बोस्टनला १९७६ चं. नुसत्या शरीराचं नाही, एकामागून एक प्रेमप्रकरणं, एका माणसामागं वेडं होणं, सोडून गेला की मरायला निघणं, असा त्रास असेल तर इथं जा. बायका इथं बऱ्याच असतात. बायकांना हा त्रास नसतो असं ज्यांना वाटतं त्यांनी हे दुसऱ्यांदा वाचावं. बहुतेक फेलोशिपमध्ये खास बायकांच्या वेगळ्या मीटिंगा असतात, ताई, सुरुवात तिथूनच करा, मिक्स मीटिंगमध्ये लगेच जाऊ नका.

चौथी एससीए, सेक्शुअल कम्पल्सिव्ह्ज ॲनॉनिमस, न्यूयॉर्कची. ती समलिंगी आणि बायसेक्शुअल पुरुषांमधून उभी राहिली पण दार सगळ्यांना उघडं आहे.

बारा पायऱ्यांमध्ये 'आपल्यापेक्षा मोठी शक्ती' असा विषय येतो. पंढरीला जाणाऱ्याला ह्यात काहीच अडचण नाही, त्याचा विठोबा तयारच असतो. पण साताऱ्याकडं अंनिसच्या मुशीत वाढलेली बरीच मंडळी आहेत, त्यांचं डोकं तिथंच फिरतं. त्यांच्यासाठी दोन रस्ते. एक म्हणजे ग्रुपलाच ती शक्ती समजायची, बरेच नास्तिक तसंच करतात आणि कुणी अडवत नाही. दुसरा म्हणजे स्मार्ट रिकव्हरी, त्यात देव-पायऱ्या काही नाही, विचार बदलण्याच्या मानसशास्त्रातली हत्यारं आहेत, वहीत कोष्टकं करायची, फायदे-तोटे मांडायचे. हिशेबाच्या माणसाला ते आवडतं. मी दोन्हीकडं जातो, कुणी विचारत नाही.

शोधायचं कसं तर फेलोशिपच्या अधिकृत साईटवर जायचं आणि मीटिंग शोधायच्या यादीत आधी भारत बघायचं, मग ऑनलाइन आणि फोन मीटिंग. प्रत्यक्ष मीटिंग मोठ्या शहरांतच जास्त, आपल्याला जवळ म्हणजे पुणं-मुंबई. इंग्रजीत बऱ्याच, हिंदीत काही, मराठीत शोधावी लागते. इंग्रजी कच्चं असेल तर घाबरू नका, माझं पण कच्चंच आहे, पहिले दोन महिने मी नुसता ऐकत होतो आणि 'पास' एवढंच बोलत होतो, पास म्हटलं की पुढच्याला जातं, कुणी आग्रह करत नाही. परदेशातल्या मीटिंगच्या वेळेचं गणित मात्र नीट करा, न्यूयॉर्कची संध्याकाळी ७ म्हणजे त्यांच्या उन्हाळ्यात आपली पहाटे साडेचार आणि हिवाळ्यात साडेपाच, कारण ते लोक घड्याळ पुढं-मागं करतात. मला पहाटेची मीटिंग सोयीची पडली, घरातले झोपलेले असतात आणि मी दूध आणायला जातो असं दिसतं.

झूमवर शिरायच्या आधी, हे फार महत्त्वाचं आहे, तुमचं नाव बदला. मोबाईलवर बऱ्याचदा खरं पूर्ण नाव आपोआप येतं, आडनावासकट. मी पहिल्या दिवशी शिरलो तेव्हा पडद्यावर माझ्या मुलीचं नाव होतं, ऑनलाइन शाळेसाठी तिनं टाकलेलं, मी तोंड लपवून बाहेर पडलो. नुसतं पहिलं नाव किंवा टोपणनाव ठेवा, कॅमेरा बंद, हेडफोन लावा. काही मीटिंगा कॅमेरा एकदा दाखवायला सांगतात, सुरक्षेसाठी, ते आधीच लिहिलेलं असतं, नको असेल तर दुसरी मीटिंग बघा. व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये सगळ्यांना नंबर दिसतो आणि नंबरावरून डीपी, डीपीवरून बायको-पोरं, म्हणून त्यासाठी वेगळं सिम घ्या किंवा टेलिग्रामवर नंबर लपवून युजरनेम वापरा.

मीटिंगमध्ये होतं काय? काही गूढ नाही. कुणीतरी चेअर करतो, सुरुवातीचं वाचन होतं, मग एकेक जण तीन-चार मिनिटं बोलतो, आपल्याबद्दलच. दुसऱ्याच्या बोलण्यावर सल्ला द्यायचा नाही, ह्याला क्रॉसटॉक म्हणतात आणि तो चालत नाही. आपल्या लोकांना हे सगळ्यात जड जातं, कारण आपल्याकडं कुणी दुःख सांगितलं की सल्ला न देणं म्हणजे अपमान. पण तीन मिनिटं कुणीही न अडवता आपलं ऐकतंय हे मी आयुष्यात पहिल्यांदा तिथं अनुभवलं. बारीकसारीक वर्णन पण करायचं नाही, साईटची नावं, जागांची नावं घ्यायची नाहीत, नाहीतर ऐकणाऱ्याची रात्र खराब होते. फी नसते. शेवटी ऐच्छिक वर्गणी असते, नवख्याकडून तर ती पण नको म्हणतात.

एक आयडिया, प्रत्यक्ष मीटिंग कशी असते ते बघायचं असेल तर जवळच्या एएच्या ओपन मीटिंगला जाऊन बसा. ओपन म्हणजे कुणालाही चालतं, क्लोज्ड फक्त दारूचा त्रास असलेल्यांसाठी, हे आधी फोनवर विचारून घ्या. मी साताऱ्यात असा एकदा मागच्या खुर्चीवर बसलो होतो, साठीचे एक मामा बोलत होते, दारूच्या जागी माझा शब्द घातला की गोष्ट माझीच होती. तिथं बसून आपला विषय मात्र काढायचा नाही, ती त्यांची जागा आहे. साताऱ्यात परिवर्तन आणि पुण्यात मुक्तांगण ही व्यसनमुक्तीतली जुनी नावं, मुक्तांगण १९८६ चं, पण त्यांचं मुख्य काम दारू-ड्रग्जचं, आपल्या त्रासासाठी कुणाकडं जावं एवढं विचारायला फोन करायला हरकत नाही.

किमान सहा मीटिंगा केल्याशिवाय मत बनवू नका. वेगवेगळ्या सहा. माझी पहिली कंटाळवाणी होती, दुसरीत एक जण रडला आणि मला अवघडल्यासारखं झालं, तिसरीत मी झोपलो, चौथीत एकानं सांगितलं की तो बायको माहेरी गेली की आनंदी होतो आणि त्या आनंदाचीच त्याला भीती वाटते, तिथं मी ताठ बसलो.

मग स्पॉन्सर. म्हणजे जुना मेंबर, जो तुम्हाला पायऱ्या करून घेतो. पुरुषानं पुरुष घ्यावा, बाईनं बाई, आणि समलिंगी असाल तर ज्याच्याबद्दल ओढ वाटणार नाही असा. लगेच स्पॉन्सर मिळाला नाही तर तीन फोन नंबर तरी घ्या. आणि आता जे लिहितो तेच ह्या सगळ्यातलं खरं काम आहे, फोन करायचा तो आधी. करून झाल्यावर रडत फोन करणं सोपं असतं, मी वर्षभर तेच केलं, दर वेळी माफी मागितल्यासारखा फोन, आणि पलीकडचा दादा शांतपणे म्हणायचा, ठीक आहे, पुढच्या वेळी दहा मिनिटं आधी कर. ते दहा मिनिटं आधी जमायला मला चौदा महिने लागले. पोटात भूक, डोक्यात राग, एकटेपणा, थकवा, ह्यातलं काही असलं की मी आता नुसता मेसेज टाकतो, 'दुकानात एकटा आहे, सात वाजलेत'. बास. तो फक्त 'बघितलं, घरी पोचल्यावर सांग' लिहितो. एवढ्यानं काय होतंय असं वाटेल पण कुणालातरी माहीत आहे म्हटल्यावर पाय त्या गल्लीकडं वळत नाहीत.

आता भामट्यांबद्दल. टेलिग्राम, यूट्यूबवर ब्रह्मचर्याची चॅनेलं ढीगभर आहेत, नव्वद दिवसांचं चॅलेंज, वीर्य राखलं की तेज वाढतं वगैरे. तिथं माणूस एक दिवस चुकला की त्याला लाथा घालतात, आणि लाज वाटली की आपण काय करतो हे तुम्हाला माहीतच आहे, परत तिथंच जातो. गॅरंटी देणारा, फी मागणारा, फोटो-व्हिडिओ किंवा पूर्ण कबुलीजबाब लिहून मागणारा, एकांतात व्हिडिओ कॉल करू म्हणणारा, ह्यातलं काहीही दिसलं की ब्लॉक. असल्या कबुल्यांवर नंतर ब्लॅकमेल होतं. झालंच तर पैसे देऊ नका, स्क्रीनशॉट ठेवा आणि १९३० वर सायबर तक्रार करा.

एक अवघड गोष्ट आहे पण लिहिलीच पाहिजे. ग्रुपातली गुप्तता ही माणसांनी एकमेकांना दिलेल्या शब्दावर असते, तिला कायद्याचं संरक्षण नाही. आणि विषय लहान मुलांशी जोडलेला असेल तर ग्रुप ही त्याची जागाच नव्हे. तिथं २०१२ चा पॉक्सो कायदा आहे, गुन्हा झाल्याचं ज्याला कळलं त्यानं कळवायलाच पाहिजे असं त्यात आहे. असे विचार येत असतील आणि अजून काही केलेलं नसेल तर आजच मानसोपचारतज्ज्ञाकडं जा, उद्या नको. एखाद्या मुलाला धोका आहे असं दिसलं तर १०९८.

बायकोला सांगायचं का, हे सगळेच विचारतात. मी दुसऱ्या आठवड्यात, मन मोकळं करायच्या भरात सगळं ओकलो, तारखांसकट. माझं मन हलकं झालं आणि तिचं आयुष्य जड. ती तीन महिने सांगोल्याला माहेरी होती. आता नवख्यांना मी सांगतो, आधी स्पॉन्सरशी आणि समुपदेशकाशी बोला, काय, किती, कधी ते ठरवा. फक्त आजाराची लागण व्हायची शक्यता असेल तर मात्र थांबू नका, तो तिचा हक्क आहे. जोडीदारांसाठी पण ग्रुप आहेत, एस-ॲनॉन आणि कोसा. माझी बायको एकदाच गेली आणि म्हणाली मला नको, मी माझ्या बहिणीशी बोलते. तेही ठीक आहे.

शेवटचं, आपल्या भागात ग्रुप नसेल तर काय. दोन माणसं असली की मीटिंग सुरू करता येते, फेलोशिपच्या ऑफिसला ईमेल केला की ते वाचायचं साहित्य आणि कसं चालवायचं त्याचा मजकूर देतात. मला पुण्याच्या मीटिंगमध्ये साताऱ्याचा एक जण भेटला, दोघांनाही आपापल्या गावात नको होतं, म्हणून कराड, दोघांच्या मधे. प्रीतिसंगमावर बसून बघितलं पण तिथं रविवारी निम्मं कराड भेळ खायला असतं. चहाच्या टपरीवर तर अजिबात नको. शेवटी एका शाळेचा वर्ग मिळाला, महिन्यातून दोन रविवार, सकाळी अकरा ते बारा, भाडं आम्ही वाटून देतो. आता पाच जण आहोत, दर वेळी तीन तरी येतात.

वर्ग घेताना शिपाईमामांनी विचारलं कसला कार्यक्रम, तर आमच्या सातारकरानं सांगितलं वाचन असतं. खोटं नव्हतं, सुरुवातीला वाचनच असतं. पण मामा वाचनाचे शौकीन निघाले, पुढच्या वेळी खुर्ची घेऊन आले आणि म्हणाले, कुठलं पुस्तक चालूय, मी पण बसतो. तेव्हा तुम्ही हॉल ठरवताना पहिल्या दिवशीच सांगून टाका, खाजगी बैठक आहे, दार आतून लावणार.